दुबईला निघायचंय तर आधी कागदं बघा

गावात कुणाला दुबईचा पगार सांगितला की समोरचा माणूस आपल्याकडं बघतच नाही, वर छताकडं बघतो, मनात तेवीसनं गुणायला लागलेला असतो. माझं ऑफर लेटर २०२३ च्या उन्हाळ्यात आलं, महिन्याला ७,००० दिरहम, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या भावकीत झालं की पोराला दीड लाखाची नोकरी लागली. खोटं नव्हतं ते, एक दिरहम तेव्हा बावीस रुपयांच्या पुढं होता. पण घरभाडं, बस, भाजी, मोबाईल सगळं तिथं दिरहममधीच जातंय ना. आता दर महिन्याला कुणाचा तरी फोन येतो, "भाऊ, काय काय लागतंय रे तिकडं यायला?" आणि मी दरवेळी तेच सांगत बसतो, म्हणून म्हणलं एकदा लिहूनच टाकावं.

मी लातूरचा, बी.कॉम., आडत बाजारात आणि नंतर एका दालमिलमधी हिशोब बघायचो, टॅली आणि जीएसटी. दुबईत हिशोबवाल्याला काय काम असं वाटायचं मला, कारण तिथं टॅक्सच नाही हे लहानपणापासून ऐकलेलं. तर तसं राहिलं नाही आता. २०१८ ला त्यांनी ५ टक्के व्हॅट आणला आणि जून २०२३ पासून कंपन्यांच्या नफ्यावर ९ टक्के कॉर्पोरेट टॅक्स सुरू झाला, ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर. पगारावर अजूनही काही नाही. पण छोट्या छोट्या ट्रेडिंग कंपन्या, ज्यांनी आजवर वहीवर भागवलं, त्यांना एकदम पुस्तकं नीट ठेवणारा माणूस पाहिजे झाला, आणि टॅली तर तिथं आपल्यासारखीच चालते. इंटरव्ह्यू व्हिडिओ कॉलवर झाला, अर्धा हिंदीत.

ह्या दरम्यान लातुरातल्या एका एजंटनं व्हिसाचे म्हणून सव्वा लाख मागितले होते. तिथल्या कायद्यानं व्हिसाचा, भरतीचा खर्च मालकानं करायचाय, कामगाराकडून घ्यायचाच नाही. जो पैसे मागतो त्याला हे तोंडावर सांगा, बघा कसा विषय बदलतो.

आता कागदं. पासपोर्ट सगळ्यात सोपा, तो पोस्टातल्या केंद्रात होऊन जातो, आणि दहावी पास असाल तर ईसीएनआर मिळतो, म्हणजे इमिग्रेशन क्लिअरन्सची कटकट नाही. दुखणं आहे डिग्रीचं. आमच्यात किती जणांनी पदवी घेतलीय म्हणजे खरोखरची हातात घेतलीय? मार्कलिस्टवरच सगळ्यांच्या नोकऱ्या, लग्नं झालेली. दीक्षान्ताचं प्रमाणपत्र तिकडं नांदेडला विद्यापीठात पडलेलं. दुबईच्या वर्क परमिटला अकाउंटंट म्हणून जायचं तर मार्कलिस्ट चालत नाही, पदवी लागते, आणि नुसती पदवी नाही तर अटेस्टेड. मग विष्णुपुरीला विद्यापीठात जा, अर्ज करा, लेट फी भरा, आणि खिडकीवरचा माणूस जेवायला गेलेला असला की झाडाखाली बसा.

पदवी हातात आली की ती फिरायला निघते. आधी मुंबईला राज्य सरकारचा शिक्का, ते विद्यापीठाकडून पडताळून घेतात, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग यूएईच्या वकिलातीचा, आणि शेवटी दुबईत उतरल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. प्रत्येक जण फक्त आपल्या आधीच्याची सही खरी आहे एवढंच सांगतो, त्यामुळं मधलं एक गाळून पुढं जाता येत नाही. काही जण अपोस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा तेवढा एक शिक्का, करून ठेवतात, स्वस्तात होतं म्हणून. ते युरोपला चालतं, दुबईला नाही.

आणि नाव. आपल्याकडं विद्यापीठ नाव लिहितं आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आपलं आणि वडिलांचं एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या. हे एवढं तर ते समजून घेतात. पण स्पेलिंग? माझ्या दहावीच्या सनदेवर जाधवच्या शेवटी व्ही, आणि पदवीवर ओ. आमच्या वर्गात चार जाधव, दोघांना व्ही, दोघांना ओ, गुरुजी ज्या मूडमधी असतील तसं. त्याच्यासाठी प्रतिज्ञापत्र, मग राजपत्रात नाव, ते सगळं झाल्यावर कागद पुढं सरकला. माझं म्हणणं एवढंच, तुमच्या घरात कुणी अकरावी-बारावीला असेल तर आत्ताच सगळ्या कागदांवरची स्पेलिंग एक करून ठेवा, दुबईला जायचं असो नसो.

निघायच्या आधी बॅगेचा विषय. आई पाट्यावर बसली होती म्हणजे खरं तर मिक्सरवर, काळा मसाला आणि येसर करायला. तिच्या मसाल्यात खसखस असते. मी कुठंतरी वाचलेलं की यूएईत खसखस चालत नाही, अफूच्या झाडाचं बी म्हणून ते अमली पदार्थात धरतात. आईला सांगितलं तर म्हणली,

"खसखस काय नशा करती व्हय? अनारशाला लावतो की आपण."

"आपल्याकडं लावतो. तिथं जेलात घालतात."

"मग नको बाई. पुन्हा भाजते."

आणि खरंच सगळा मसाला शेजारच्या काकूंना देऊन टाकला आणि माझ्यासाठी बिनखसखशीचा वेगळा केला. चव थोडी पातळ लागते, पण मी काही बोललो नाही. विड्याची पानंही नेता येत नाहीत बरं का, त्यांच्या कस्टमच्या बंदीच्या यादीत आहेत, त्यामुळं तिथं सत्यनारायण घालणाऱ्यांचं काय होतं ते विचारू नका. औषधं पण बघून न्या. नानांच्या गुडघ्याच्या गोळ्यांच्या डब्यात ट्रामाडॉल होतं, कुणीतरी "असू दे प्रवासात" म्हणून माझ्या बॅगेत टाकलेलं, ते मी काढलं. कोडीनचं खोकल्याचं औषध पण तसंच. आपल्याकडं मेडिकलवर सहज मिळतं म्हणून तिथं चालेल असं नाही, डॉक्टरची चिठ्ठी आणि आधीची परवानगी लागते.

लातूर एक्सप्रेसनं मुंबई, मुंबईहून तीन तास विमान. घड्याळ दीड तास मागं करायचं. सप्टेंबर होता. मी म्हणायचो आपण एप्रिल-मेमधी ४२ डिग्रीत शेतात फिरलेले माणसं, आपल्याला काय ऊन लागणार. विमानतळाच्या एसीतून बाहेर पाय ठेवला आणि चष्मा पांढरा झाला. पुसला, पुन्हा पांढरा. आमच्याकडचं ऊन कोरडं, सावलीत गेलं की सुटतो माणूस, इथं सावलीतही अंग चिकट आणि वारा आला तर तो पण ओला. समुद्र काय असतो ते मला बीचवर नाही, त्या चष्म्यावर कळलं.

पुढचं काम पटापट होतं, ते मान्य करावं लागेल. मेडिकल म्हणजे रक्त आणि छातीचा एक्स-रे, एचआयव्ही आणि टीबीसाठी. मग बोटांचे ठसे, मग एमिरेट्स आयडी. नाना व्हिडिओ कॉलवर म्हणले, "व्हिसा दाखव बरं पासपोर्टवरचा." आता चिकटवतच नाहीत, २०२२ पासून ते स्टिकर बंद झालंय, आयडी कार्डच सगळं. नानांना ते पटलं नाही, शिक्का नाही म्हणजे काम कच्चं असं त्यांचं. आणि हो, व्हॉट्सॅपवर मेसेज जातात पण कॉल लागत नाही तिथं, बोटिम नावाचं ॲप घ्यावं लागतं. ते आधीच घरच्यांच्या मोबाईलमधी टाकून, लावून दाखवून या, नाहीतर पहिला आठवडा घरी सगळे काळजीत.

राहायला 'बर दुबई' नावाच्या भागात बेडस्पेस. म्हणजे खोली नाही, खाट. एका खोलीत दुमजली खाटा, आपली ती खाट, तिच्या खालची जागा आणि कपाटाचा एक कप्पा, भाडं हजाराच्या आत-बाहेर. किती जण ठेवायचे, खोलीत लाकडी पार्टिशन घालायचं का ह्याला नगरपालिकेचे नियम आहेत आणि ते बऱ्याच ठिकाणी पाळलेले नसतात, त्यामुळं घ्यायच्या आधी बघून घ्या की कुणीतरी कागदावर भाडेकरू आहे आणि आपलं नाव राहणाऱ्यात घालणारय. माझ्या खोलीत दोघं निजामाबादचे, एक करीमनगरचा, एक केरळी. तेलंगणातल्या त्या जिल्ह्यांतून गल्फला लई जुनी रीघ आहे. आणि मजा म्हणजे माझं त्यांच्याशी पहिल्या रात्रीच जमलं, कारण १९४८ पर्यंत आपण सगळे एकाच निजामाचे, लातूर-नांदेडची हिंदी आणि त्यांची दखनी एकच की. मी "नक्को" म्हणलो आणि करीमनगरवाला उठूनच बसला, "अरे, तुम तो अपनेच हो." पुण्याच्या माणसाला हे मिळणार नाही, एवढं तरी आपलं जास्तीचं आहे.

त्या भागात राहायचा फायदा म्हणजे मीना बाजार जवळ, ज्वारीचं पीठ मिळतं, खाडी ओलांडायला एक दिरहममधी अब्रा, म्हणजे लाकडी होडी. जुनं शंकराचं मंदिरही तिथंच होतं, पण ते २०२४ च्या जानेवारीत बंद झालं, आता सगळं जबल अलीच्या नव्या मंदिरात, जे २०२२ ला उघडलंय. मोठं आहे, पण लांब पडतं. मेट्रोत खाल्लं-प्यायलं तर १०० दिरहम दंड, चुइंगम पण त्यातच. रस्ता मधूनच ओलांडला तर ४००. ह्याला तेवीसनं गुणून बघा हवं तर, पाय आपोआप सिग्नलकडं जातात.

१६ एप्रिल २०२४. हे लिहिल्याशिवाय मला पुढं जाताच येणार नाही. पावसाचा इशारा होता, सरकारी ऑफिसं घरून काम करा म्हणून सांगितलेलं, आमच्या मालकानंही सुट्टी दिली. आम्ही खोलीत भजी तळली. दुपारी आभाळ हिरवट झालं आणि मग जो पडला तो पडलाच. ७५ वर्षांत नोंदलेला सगळ्यात मोठा पाऊस होता तो, अल ऐन शहराकडं २४ तासाच्या आत २५० मिलिमीटरच्या वर. त्या देशात एवढा पाऊस वर्षभरातही पडत नाही, त्यामुळं रस्त्याखाली पाणी वाहून न्यायची सोयच बेताची. विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी, मेट्रोची काही स्टेशनं पुढं कित्येक आठवडे बंद, लोकांच्या गाड्या बोनेटपर्यंत बुडालेल्या आणि तशाच सोडून दिलेल्या.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसचा एक माणूस राहतो त्याच्या बिल्डिंगकडं गेलो, त्याला पिण्याचं पाणी आणि ब्रेड पोचवायला, कारण लिफ्ट बंद, खाली गुडघ्याच्या वर पाणी. आणि कोपऱ्यावर टँकर उभे. एकामागं एक, रांगेत. मी लातूरचा आहे हो. २०१६ च्या एप्रिलमधी मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं त्या लातूरचा, टँकर दिसला की घागर घेऊन पळायचं हे हातापायात बसलेलं, पोलीस बंदोबस्तात टँकर भरताना बघितलेले. आणि इथं त्या टँकरचा जाड पाइप रस्त्यावरच्या पाण्यात सोडलेला, ड्रायव्हर सिटवर पाय वर घेऊन चहा प्यायला, आणि टँकर पाणी ओढायलेला. न्यायला आलेला, द्यायला नाही. मी नानांना फोटो पाठवला. त्यांचा उलटा मेसेज, "एक इकडं पाठवून द्या म्हणावं." त्या वर्षी आमच्याकडं मांजरा नदीचं धरण तळाला गेलेलं.

एरवी त्या शहरात नळाला जे येतं ते समुद्राचंच, जबल अलीला मीठ काढून गोड केलेलं. नदी नाही, विहीर नाही, तलाव नाही. तरी नळ चोवीस तास. मी अजून बादली भरून ठेवतो.

प्रोबेशन संपलं, सहा महिन्याच्या वर ते ठेवता येतच नाही, आणि मग बायकोला आणायचं ठरलं. बायकोला स्पॉन्सर करायला पगार ४,००० दिरहम पाहिजे किंवा ३,००० आणि राहायची सोय, ते माझं बसत होतं. अडलं कुठं, तर लग्नाच्या दाखल्यावर. आमचं लग्न सासुरवाडीला, औसा तालुक्यात, मांडवात हजारभर माणूस, नोंदणी कुणी केली? गावात विवाह नोंदणी ग्रामसेवकाकडंच असते. सासरे घेऊन गेले, "भाऊसाहेब, जावई दुबईला असतेत, तेवढं करून द्या." लग्नपत्रिका, फोटो, तीन साक्षीदार, लग्न लावलेल्या भटजींची सही. भटजी तोवर सोलापूरला लेकाकडं गेलेले. ते आल्यावर नमुना ई, म्हणजे लग्नाचा दाखला मिळाला, मराठी-इंग्रजी दोन्हीत, आणि मी फोनवर एकच गोष्ट घोकत होतो की भाऊसाहेबांना म्हणा जाधवला व्ही, व्ही, ओ नाही. मग तोच दाखला मुंबई, परराष्ट्र मंत्रालय, वकिलात, आणि इकडं येऊन अरबीत भाषांतर. पदवीचा प्रवास केलेला होता म्हणून निदान रस्ता ओळखीचा.

घर घ्यायचं म्हणजे दुबईतल्याच कुसैस भागात एक छोटा स्टुडिओ, म्हणजे एका खोलीचा फ्लॅट, भाड्यानं, वर्षाला ४२,००० दिरहम. दुबईत भाडं महिन्याला देत नाहीत, वर्षाचं ठरतं आणि चेक द्यायचे, एक, दोन, चार, जेवढे कमी तेवढा मालक खूष. पुढच्या तारखेचे चेक आडत बाजारात मी ढिगानं बघितलेत, त्यामुळं त्याची भीती वाटली नाही, पण हातात एकदम किती लागतात ते बघा. चार चेकमधला पहिला १०,५००. अनामत ५ टक्के म्हणजे २,१००. एजंटचे तेवढेच २,१००. लाइट-पाणी जोडायला देवाची अनामत २,०००, देवा म्हणजे आपला देव नाही, तिथली वीज आणि पाण्याची कंपनी. झाले १६,७००, म्हणजे पावणेचार लाख रुपयाच्या पुढं, आणि अजून गादी आणायचीय. त्यात भाडेकरार 'इजारी'त, म्हणजे तिथल्या सरकारी नोंदणीत नोंदवावा लागतो, त्याशिवाय लाइट जोडत नाहीत आणि बायकोच्या व्हिसाचं काम होत नाही. वर दर महिन्याच्या बिलात वार्षिक भाड्याच्या ५ टक्क्यांचा बारावा हिस्सा हाउसिंग फी म्हणून येतो, आमचे १७५. हे एजंट आधी सांगत नाही.

माझी जमवाजमव बेडस्पेसमधी राहून झाली, दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही. जे पहिल्याच महिन्यात कुटुंब घेऊन येतात ते क्रेडिट कार्डावर फ्लॅट उभा करतात आणि मग दोन वर्षं गावाकडं तोंड दाखवत नाहीत.

आणि ऑफर लेटरमधी आधी कुठं बघायचं, तर बेसिकमधी. माझे ७,००० होते, त्यातलं बेसिक ३,५००. बाकी घरभत्ता, प्रवासभत्ता. नोकरी सोडताना जी ग्रॅच्युइटी मिळते ती पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांच्या बेसिकवर, म्हणजे माझे वर्षाचे २,४५० दिरहम होतात. बेसिक ५,००० असतं तर ३,५०० झाले असते. पीएफ नाही, पेन्शन नाही, मागं उरणारं हेच. लोक एकूण आकडा बघून सही करतात आणि मालकालाही तेच पाहिजे असतं. मी बेसिक वाढवून मागितलं, ते म्हणले पॉलिसी आहे. यंदा रिन्यूअलला पुन्हा मागणारय.

बायको आली, तिच्याबरोबर आईनं पुन्हा मसाला पाठवला, बिनखसखशीचा. तिला पहिला महिना बरा गेला, मॉल बघून झाले, बुर्ज खलिफा खालून बघून झाला, मग दिवसभर खोलीत एकटी. तिचं बी.एड. झालंय, शाळेत लागायचं म्हणतेय. आता तिची पदवी. तिच्या भावानं नांदेडहून काढून आणलीय, तिच्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर पण माहेरचंच, तेवढं एक बरं झालं. पुढच्या आठवड्यात तो लातूर एक्सप्रेसनं मुंबईला घेऊन चाललाय, मी त्याला सांगितलंय फाइलमधी घडी घालू नको, शिक्का घडीवर आला तर ते परत पाठवतेत.